दहा इंची लॅपटॉप आणि बाईंचा आवाज

लॅपटॉप दहा इंची होता. मी वृत्तसंस्थेत असताना दौऱ्यांवर नेण्यासाठी घेतलेला. खांद्याच्या पिशवीत मावायचा, आणि बातमी टाइप करून पाठवणे यापलीकडे त्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती. नोकरी संपली तेव्हा तो दिल्लीत, मयूर विहारच्या घरात रजयांच्या कपाटात गेला. बऱ्याच वर्षांनी बाहेर काढला तेव्हा बॅटरी पूर्ण गेलेली होती, झाकणाची एक बिजागरी सैल होती, पण चार्जर लावल्यावर दिवा लागला.

तो बाहेर काढला तो त्याच्या बटणांसाठी. आईचे वय ब्याऐंशी. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी झाला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, त्याच्या भोवतीची खोली दिसते. स्मार्टफोनची काच तिच्या बोटांना सगळीकडे सारखी लागते. लॅपटॉपच्या बटणांना मात्र कडा असतात, आणि कोणते बटण कितवे हे मोजून पाठ करता येते.

तिला हे हवे होते अभिवाचनासाठी. पहाडगंजच्या मराठी शाळेत तिने तीस वर्षे शिकवले. तिच्या चार विद्यार्थिनी, ज्यांतली सर्वांत धाकटीही आता पंचावन्नच्या पुढे आहे, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत नाट्यवाचन करतात. त्या चौघी आणि आई, असा पाच जणींचा गट आहे. एक द्वारकेला राहते, एक गुडगावला, एक फरिदाबादला, एक पीतमपुऱ्याला. एकत्र जमायचे तर अर्धा दिवस मेट्रोत जातो, म्हणून तालीम दर शनिवारी सकाळी व्हिडिओवर होते. वर्गात एकाच नावाच्या दोघी असल्यामुळे गटात सगळ्या एकमेकींना गावावरून ओळखतात: द्वारकावाली, फरिदाबादवाली. आई मात्र गावावरून ओळखली जात नाही. ती बाई.

आधी ती माझ्या फोनवरून तालमीत बसायची. गालाचा, बोटाचा, कधी पदराच्या पिनेचा स्पर्श होऊन फोन बंद पडायचा. असे तीनदा झाले तेव्हा तिने फोन माझ्या हातात ठेवला.

"यात धरायला काही नाही," ती म्हणाली. "तुझा तो छोटा होता ना, टकटक वाजणारा? तो काढ."

लॅपटॉपची जुनी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, व्हिडिओ-बैठकीचे सॉफ्टवेअर चालवायला तयार नव्हती. जुन्या यंत्रांसाठी लोकांनी फुकट वाटण्याकरता बनवलेली एक हलकी प्रणाली असते, ती टाकली. यंत्र सुरू झाले. पडदा दिसत होता, बटणे चालत होती, वायफाय मिळाले होते. आवाज नव्हता आणि कॅमेराही नव्हता.

कॅमेऱ्याचा शोध दोन सकाळी चालला. प्रणालीच्या मते यंत्राला कॅमेराच नव्हता, आणि झाकणाच्या वरच्या पट्टीत त्याचे भिंग तर समोर दिसत होते. यंत्र सुरू होताना, प्रणाली येण्याच्या आधी, एक विशिष्ट बटण दाबून धरले की एक निळा पडदा उघडतो. त्यात यंत्राच्या भागांची यादी असते. कॅमेऱ्यासमोर 'बंद' अशी नोंद होती. बहुधा मीच कधीतरी दौऱ्यावर, बॅटरी पुरावी म्हणून, तो तिथे बंद केला असावा. मला आठवत नाही. 'चालू' केला, आणि आईच्या स्वयंपाकघराची खिडकी पडद्यावर दिसू लागली.

आवाजाचे कारण वेगळे निघाले. पडद्यावर आवाजाची जी मुख्य खिडकी उघडते, तीत आवाज पूर्ण होता. तिच्यामागे आणखी एक खिडकी असते, सहसा कोणी न उघडणारी. तीत स्पीकर, हेडफोन, माइक, प्रत्येकाची स्वतःची सरकपट्टी असते. स्पीकरची पट्टी तिथे मुकी केलेली होती. नव्याने टाकलेली प्रणाली कधी कधी अशीच येते, असे नंतर वाचले. पट्टी उघडली आणि यंत्राने, इतक्या वर्षांनी, एक छोटी घंटा वाजवली.

"अच्छा, बोलतो हा," आई आतून म्हणाली.

माइक तपासला. 'एक दोन तीन' रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐकले. स्वच्छ होते. एक गोष्ट किंचित विचित्र वाटली: आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्ही कानांच्या बाहेरून येत होता, जणू दोन बाजूंना दोघी उभ्या राहून तेच बोलत होत्या. इअरफोन स्वस्तातले असल्यामुळे असेल असे मी धरले. नोंद केली नाही. ही चूक होती.

मग आईने कपाळाच्या तीन टिकल्या तीन बटणांवर चिकटवल्या, मखमली, मोठ्यात मोठ्या. एक माइक उघडण्या-मिटण्यासाठी, एक आवाज वाढवण्यासाठी, एक तिची वाक्ये ऐकण्यासाठी. वाक्ये मी वाचून यंत्रात भरून ठेवली होती. ती ऐकून ऐकून ती पाठ करायची.

एकांकिका गुडगाववालीने लिहिलेली होती. सरकारी क्वार्टर सोडण्याची वेळ आलेली एक म्हातारी, आणि ताबा घ्यायला आलेला इन्स्पेक्टर. तो पंखे मोजतो, दिवे मोजतो. म्हातारी किल्ली देत नाही. म्हातारी आईकडे होती. अकरा वाक्ये, त्यांतले शेवटचे पाऊण पानाचे.

तालमी सुरू झाल्या. पहिला शनिवार, दुसरा शनिवार. आई डायनिंग टेबलाशी, कानात इअरफोन, पाठ ताठ. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्रे वाचत असे. तिचा आवाज दारातून येत होता, नेहमीसारखा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. काही बिघडले आहे असे मानायला कारण नव्हते.

तिसऱ्या शनिवारी मला भलतेच ऐकू आले.

"सत्तावीस एके सत्तावीस," आई म्हातारीच्या सुरात म्हणत होती. "सत्तावीस दुणे चोपन्न. सत्तावीस त्रिक एक्याऐंशी."

मी उठून दारात गेले. ती पाढा पूर्ण करत होती. सत्तावीस दाहे दोनशे सत्तर झाल्यावर तिने इअरफोनची तार ओढून काढली, त्यामुळे पुढचे लॅपटॉपच्या स्पीकरवर आले. तीन-चार सेकंद शांतता होती. मग इन्स्पेक्टरचे वाक्य, भावनेसह:

"आजी, हे सगळं खरं असेल. पण पंखे चार लिहिलेत आणि दिसतायत तीन."

आईने माइकच्या टिकलीवर बोट ठेवून तो मिटला. मग मी उभी होते त्या दिशेला तोंड केले.

"ऐकलंस?"

"तू पाढा का म्हणालीस?"

"मागच्या शनिवारी एक वाक्य बदललं. कुणी काही बोललं नाही. म्हटलं, लक्ष नसेल. आज पाढा म्हटला." तिने इअरफोनची तार बोटाभोवती गुंडाळली. "या चौघींना सत्तावीसचा पाढा मीच शिकवला. चुकला असता तर गोष्ट वेगळी. बरोबर म्हटला, तरी कुणी हसलं नाही. तेव्हा दोनपैकी एक. त्या माझं ऐकत नाहीत, किंवा मी त्यांना ऐकूच जात नाही. कोणतं ते शोधून दे. तुम्ही बातमीवाले लोक हेच करायचात ना?"

सोमवारी सकाळी मी द्वारकावालीला फोन केला. ती गटाची संयोजक आहे, एका मंत्रालयातून उपसंचालक म्हणून निवृत्त झालेली. प्रश्न सरळ विचारला: तालमीत आईचा आवाज येतो का?

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"ताई, आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते," ती म्हणाली. "नाही येत. म्हणजे येतो, पण अगदी बारीक, डबीतून आल्यासारखा. शब्द कळत नाहीत."

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

"मग तुम्ही पुढचं वाक्य कसं घेता?"

"संहिता समोर असते ना. बाईंचं वाक्य आम्ही मनात वाचतो, ओठ हलायचे थांबले की पुढचं घेतो. मोठ्या उताऱ्याला गुडगाववाली घड्याळ लावते."

"सांगितलं का नाही?"

"बाईंना? कसं सांगायचं, यार? ताई, मी अजून तालमीत पाय दुमडून बसते. कॅमेऱ्यात दिसत नाही तरी. आणि त्यांना मध्ये ताप येऊन गेला, त्यात ही धुराची हवा. या हवेत कुणाचा आवाज टिकतो? फोनवर ठीक वाटतो, पण फोन तोंडाजवळ असतो. लांबून बोलायला जोर लागतो, तो राहिला नाही. आम्ही चौघींनी ठरवलं, त्यांच्या मनाला लागायला नको."

पुढची माहिती तिने न विचारता दिली. कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी अकराला होता, मंडळाच्या सर्व सभासदांसाठी, व्हिडिओवर. कार्यकारिणीत विषय झाला होता. बाईंना अध्यक्षस्थान द्यायचे. शाल आणि श्रीफळ शनिवारीच घरी पोचवायचे. अध्यक्षीय दोन शब्द त्यांच्या वतीने संयोजकच वाचून दाखवणार. म्हातारी फरिदाबादवाली करणार. तिची वाक्ये पाठ होत आली होती.

"बाईंना आनंद होईल ना?" तिने विचारले. हा प्रश्न तिने मनापासून विचारला होता.

मी ऐकले ते सर्व आईला सांगितले, क्रमाने, शालीसकट. गाळले असते तरी तिने विचारून काढले असते. ती गवार मोडत होती. देठ बोटांनी ओळखून मोडता येते, म्हणून ही भाजी घरात वारंवार होते.

"अध्यक्ष," ती म्हणाली.

"हो."

"अध्यक्षाला वाक्यं नसतात."

तिने पुढची शेंग उचलली.

"माझा आवाज गेलाय?"

"मला तर इथे स्पष्ट ऐकू येतो."

"तू शेजारच्या खोलीत असतेस. द्वारका कुठे आहे?" शेंग मोडल्याचा आवाज आला. "हे बघ. आवाज गेला असेल तर मी अध्यक्ष होईन. बिल्कुल होईन. शाल घेईन, गप्प बसेन. म्हातारीला आवाज पाहिजे, ती मी कुणाला दयेवर मागणार नाही. पण गेला नसेल तर नाही. शनिवारची तालीम शेवटची आहे. त्याच्या आत मला सांग."

मंगळवारी लॅपटॉप पिशवीत घालून मी करोल बागला गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याच्या खाली, दुरुस्तीचे एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि पन्नाशीचे एक सरदारजी, डोळ्याला भिंग लावलेले. त्यांनी यंत्र उलटेसुलटे पाहिले आणि वासरू बघावे तसे त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"ये तो म्यूज़ियम में होना चाहिए. तकलीफ़ क्या है?"

मीटिंगमध्ये आवाज जात नाही, असे मी हिंदीत सांगितले. त्यांनी रेकॉर्डिंग उघडले, झाकणाकडे झुकून "हैलो हैलो, एक दो तीन" म्हटले, आणि मोठे हेडफोन कानांवर चढवून ऐकले. मग ते माझ्याकडे दिले.

"सुनो जी. बिल्कुल साफ़."

साफ होते. पुन्हा तेच: आवाज दोन्ही कानांच्या बाहेरून.

"माइक टनाटन है," सरदारजी म्हणाले. "बोलता कौन है इसमें?"

"माँ."

"उम्र?"

"बयासी."

"तो माताजी का गला दिखाओ. लैपटॉप को क्यों घुमा रहे हो?"

माझा चेहरा पाहून त्यांना बहुधा वाटले की गिऱ्हाइकाचे समाधान झालेले नाही. टेबलावर त्यांचा पेरूएवढा एक गोल स्पीकर होता, त्यावर गाणी चालू होती. त्यांनी गाणे थांबवले, स्पीकर लॅपटॉपला जोडला आणि मला खात्री पटावी म्हणून तेच रेकॉर्डिंग त्यावर लावले.

काही आले नाही. बारीकशी खरखर, आणि तिच्या तळाशी, खूप दूर, कोणीतरी काहीतरी मोजत होते.

त्यांनी स्पीकरला टपली मारली. गाणे लावले, खणखणीत वाजले. रेकॉर्डिंग लावले, पुन्हा खरखर. हेडफोन लावले; 'एक दो तीन' स्वच्छ. त्यांनी हे तीनदा केले. चौथ्यांदा भिंग डोळ्यावरून काढून कपाळावर सरकवले.

"अजीब है," ते म्हणाले. "कान में है, डिब्बे में नहीं."

त्यांना याचे कारण माहीत नव्हते आणि ते तसे म्हणाले. बाहेरचा माइक जोडा, झंझट संपेल, असा सल्ला दिला. तो योग्य होता. माइक त्यांच्याकडे होता, दोन मिनिटांत जोडता आला असता. पण मग आईच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले असते. चालू झाले हे कळले असते, तिचा आवाज गेला होता की नाही हे कळले नसते. आणि खरे सांगायचे तर एक आवाज कानात असतो आणि डब्यात नसतो, हे ऐकल्यावर माइक विकत घेऊन घरी जाणे शक्य नव्हते.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. यादी केली. हेडफोनमध्ये दोन कान असतात, दोन वेगळे आवाज. गोल स्पीकर एकच. तो डावा-उजवा एकत्र करून वाजवतो. बैठकीचे सॉफ्टवेअरही आवाज पलीकडे पाठवताना दोन्हींचा एकच करते. म्हणजे दोन आवाज सुटे असताना असतात, आणि एकत्र आले की नसतात.

बुधवारी सकाळी आईला टेबलाशी बसवून तिचे शेवटचे वाक्य रेकॉर्ड केले, आणि ते आवाजाची रेघ काढून दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये उघडले. वर डावा माइक, खाली उजवा. दोन सारख्या नागमोडी पट्ट्या. त्या मोठ्या करत गेले. एक शब्द, मग एक अक्षर, मग अक्षराचा एक तुकडा, जिथे पट्टीची एकच बारीक रेघ होते. वरच्या रेघेत जिथे टेकडी होती तिथे खालच्या रेघेत खड्डा होता. तेवढाच खोल. पुढे सरकले. टेकडीखाली खड्डा, खड्ड्याखाली टेकडी. एकही अपवाद नव्हता. आरशात पाहावे तशी ती रेघ स्वतःच्या उलट होती.

दोन्ही रेघांची बेरीज करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर जवळजवळ सरळ रेघ आली. तीच ती खरखर.

आता काय विचारायचे ते माहीत असल्यामुळे शोध लवकर लागला. या जातीच्या यंत्रांत माइकचा आवाज मुद्दाम दोनदा पाठवत, एकदा सुलट आणि एकदा उलट. मूळची प्रणाली उलट्याला पुन्हा सुलट करून घेई आणि त्यात आजूबाजूची गडबड कमी होई. नव्या प्रणालीला ही खूण कोणी सांगितलेली नव्हती. ती दोन्ही आवाज जसेच्या तसे एकत्र करत होती.

आईला हे सांगताना मी दाराचे उदाहरण घेतले. एकच दार, एक बाई आतून ढकलते, एक बाहेरून, दोघींचा जोर सारखा. दार हलत नाही.

"दोघी माझ्याच?"

"दोघी तुझ्याच."

"मग एकीला वर्गाबाहेर काढ."

उपाय तोच होता. त्या मागच्या खिडकीत माइकच्या डाव्या-उजव्या सरकपट्ट्या एका साखळीच्या चिन्हाने जोडलेल्या होत्या. साखळी सोडवली, उजवी शून्यावर आणली. आईला म्हटले, बोल. तिने म्हातारीचे पहिले वाक्य म्हटले. रेकॉर्डिंग फोनवर पाठवले, फोन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला आणि त्याच्या एकुलत्या स्पीकरवर वाजवला.

"किल्ली माझ्याकडे आहे, कुलूपही माझंच आहे," ओट्यावरून आई म्हणाली. "आता दार कुणाचं, ते तुमच्या रजिस्टरात शोधा."

टेबलाशी बसलेली आई मान किंचित तिरकी करून ऐकत होती. ऐकताना ती तशीच करते, समोरच्याला वाटते तिचे लक्ष खिडकीकडे आहे.

"'रजिस्टरात'वर जोर कमी पडला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाकी ठीक आहे."

गुरुवारी यंत्र बंद करून सुरू केले तर साखळी पुन्हा जुळलेली होती आणि उजवी पट्टी पुन्हा वर गेलेली. प्रणाली दर वेळी स्वतःच्या मताने सुरुवात करत होती. मग सुरू होताच उजवा माइक मिटवणारी एक ओळ लिहून तिच्या सुरुवातीच्या कामांत टाकली. अकरा वेळा बंद-चालू करून पाहिले. अकराही वेळा पट्टी खालीच राहिली. आई प्रत्येक वेळी टिकल्या जागेवर आहेत का ते चाचपत होती.

शनिवारी सकाळी शाल आणि श्रीफळ खरोखरच आले. मंडळाचे एक पदाधिकारी स्वतः घेऊन आले, चहा घेऊन गेले. आईने शाल खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि इअरफोन कानात घातले. मी दुसऱ्या खोलीत फोनवरून तालमीत शिरले, माझा माइक आणि कॅमेरा बंद ठेवून.

द्वारकावाली अध्यक्षपदाचा विषय काढण्याच्या तयारीत होती. "बाई, आज एक आनंदाची गोष्ट सांगायची होती," तिने सुरुवात केली.

"नंतर सांग," आई म्हणाली. "आधी तालीम."

फोनच्या पडद्यावर आईशिवाय चार चेहरे होते. एकही हलला नाही. पीतमपुरावालीच्या हातातला कप ओठांपासून वीतभर दूर थांबला.

"बाई," द्वारकावाली म्हणाली, "तुमचा आवाज येतोय."

"तीन शनिवार येतोय. वाटेत अडकत होता. कुठे, ते हिला विचारा, मला दाराचं उदाहरण देऊन समजावलंय. गेल्या शनिवारी माझ्या शेवटच्या वाक्याला मी काय म्हटलं, कोण सांगेल?"

पीतमपुरावालीने कप खाली ठेवला.

"गुडगाव?"

"बाई, मी घड्याळ बघत होते," गुडगाववाली म्हणाली.

"किती लागलं?"

"एक मिनिट चाळीस."

"सत्तावीसचा पाढा. एक चाळीस म्हणजे मी सावकाश म्हटला." ती ओरडत नव्हती. वर्गात ती ओरडत नसे, असे त्या चौघींनी मला नंतर वेगवेगळे सांगितले; तेच जास्त जड जायचे. "माझा आवाज येत नाही, हे चौघींना माहीत होतं आणि मला नव्हतं. फळ्यावर चुकीचं लिहिलं तर हात वर करायचा, हे शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं, बाई," फरिदाबादवाली म्हणाली. ती बँकेत शाखाधिकारी होती. "पण तुम्ही कधी चुकीचं लिहिलंच नाही."

"मस्का नको. म्हातारी तू पाठ केलीस ना?"

फरिदाबादवालीने मान हलवली, मग बाईंना मान दिसत नाही हे आठवून म्हणाली, "हो."

"म्हण. शेवटचं."

फरिदाबादवालीने पाऊण पान म्हटले. चांगले म्हटले, मी तसे म्हणते, कारण आईने मध्ये अडवले नाही. संपल्यावर आईने दोन शब्दांचे उच्चार सुधारले. मग स्वतः तेच म्हटले, संथ, जवळजवळ सपाट. फरिदाबादवालीने म्हातारीला रडवले होते. आईची म्हातारी इन्स्पेक्टरला पत्ता सांगावा तशी बोलत होती.

"माझी राहील," आई म्हणाली. "तुझी मी नसताना. आणि अध्यक्ष दुसरा बघा, एका दिवसात मिळतो."

मिळाला. सकाळी शाल घेऊन आलेलेच पदाधिकारी अध्यक्ष झाले. शाल परत न्यायला मात्र ते तयार झाले नाहीत.

रविवारी अकराला बाहेरची हवा पिवळट होती. खिडक्या बंद होत्या. सभासद बरेच जमले होते. चौकोनांची पाने उलटावी लागत होती. द्वारकावालीने प्रत्येक वाचकाला जाहीरपणे विचारले, "आवाज येतोय?" आईला तिने दोनदा विचारले. मी पुन्हा शेजारच्या खोलीत. आईचा आवाज आधी दारातून यायचा आणि सेकंदभराने फोनमधून. तो सेकंद मी प्रत्येक वाक्याला मोजत होते.

दहा वाक्ये पोचली. इन्स्पेक्टरने पंखे मोजले, दिवे मोजले. शेवटचे पाऊण पान सुरू झाले. म्हातारी सांगत होती की या क्वार्टरमध्ये ती आली तेव्हा भिंतीला कोणता रंग होता आणि त्याआधीच्या बाईने खिळे कुठे ठोकून ठेवले होते. अर्ध्यावर एक वाक्य आहे: "इथे माझ्यानंतर कोण येणार, ते मला विचारायचं होतं." ते म्हणून आई थांबली.

दारातूनही आवाज येत नव्हता, पण ते फक्त मला माहीत होते. माझ्या फोनवर द्वारकावालीचा संदेश आला: "ताई, आवाज गेला का?" साखळीची गोष्ट शनिवारी चौघींना सांगून झाली होती, म्हणून लगेच फरिदाबादवालीचा: "साखळी??" तिसरा मी उघडेपर्यंत, सर्व सभासदांच्या देखत, पीतमपुरावालीने माइक उघडला. शाळेत ती शेवटच्या बाकावर बसायची आणि वर्षभर तोंड उघडायची नाही, असे आई सांगते.

"बाई," ती म्हणाली, "माफ करा, तुमचा आवाज येत नाहीये."

"मी थांबले आहे," आई म्हणाली. "विराम आहे तिथे."

"अच्छा. सॉरी, बाई."

"सॉरी नको. सांगितलंस ते ठीक केलंस."

सभासदांपैकी कोणाचा तरी माइक उघडा होता, त्यात हसण्याचा आवाज आला आणि मिटला. आईने पुन्हा तेच वाक्य घेतले. पुन्हा तिथेच थांबली, या वेळी आणखी थोडी जास्त. कोणी मध्ये बोलले नाही. मग म्हातारी पुढे बोलू लागली.